पाव फेरा

टाकीत परत आलेल्या हवेवरून मला माणूस कळतो. बढाई नाही ही. एकोणीस वर्षं मी समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या भरतोय. सकाळी प्रत्येक टाकीत दोनशेच्या दाबाने हवा कोंबायची, दुपारी टाकी बोटीवरून परत आली की दाबमापक लावून किती उरली ते बघायचं आणि खडूने टाकीच्या खांद्यावर तो आकडा लिहायचा. घाबरट माणूस चाळीस घेऊन परत येतो. फुशारकी मारणारा तीस. नवरा-बायको भांडून पाण्यात उतरले असतील तर दोघांचीही पस्तिशीच्या आत. नवशिक्यांचं तर विचारूच नका. ते खाली मासे बघायला जातात की हवा प्यायला, देव जाणे.

आणि माझा मेहुणा एकशे दहा घेऊन यायचा.

तेवढाच वेळ, तेवढंच खोल, बरोबरचे सगळे पन्नासच्या आसपास, आणि हा एकशे दहा. जणू खाली जाऊन एखाद्या दगडावर बसून आला. माझ्या उमेदीत मी नव्वद आणायचो आणि त्या नव्वदचं अख्ख्या केंद्रात नाव होतं. म्हणून सांगतो, तो आकडा दिसला की माझ्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं, इथे, बरगडीखाली. मग मी खडू घ्यायचो आणि त्याच्या टाकीवर शंभर लिहायचो. दहाने कुणाचं काय बिघडतं?

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चार बहिणींच्या पाठीवर झालेला, शेंडेफळ. घरात त्याला सगळे शेंडेफळच म्हणतात. बाकीचे लाडाने, मी दातओठ खात. दोन नोकऱ्या सोडून आमच्याकडे राहायला आला तेव्हा बायको म्हणाली, तुमच्या बाईंच्या कानावर घाला ना जरा. मी घातलं. बाई म्हणजे आमच्या पाणबुड्यांच्या केंद्राच्या मालकीणबाई, साठीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. 'घेऊन ये,' एवढंच म्हणाल्या. माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो तो असा, बायकोच्या शब्दाखातर.

मी स्वतः खाली का जात नाही, तेही सांगून टाकतो. अकरा वर्षांपूर्वी सर्दी झालेली असताना हट्टाने उतरलो. अठरा मीटरवर डाव्या कानात काहीतरी टरकन फाटलं आणि समुद्र माझ्याभोवती गरगर फिरायला लागला. पडदा दोनदा शिवला, दोनदा उसवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आंघोळीलासुद्धा कापसाचा बोळा. तेव्हापासून मी फक्त तळमजल्याच्या खोलीत. एक खिडकी, एक लांब टेबल, भिंतीला ओळीने उभ्या टाक्या, खुंट्यांवर लटकणाऱ्या नळ्या आणि कपड्यांत मुरलेला रबराचा वास. सगळे मला मिस्त्री म्हणतात. आवडतं मला ते. निदान आवडायचं.

शेंडेफळ कामावर आला त्या दिवशी मी त्याच्यापुढे टेबलावर एक रेग्युलेटर सुटा करून मांडला होता.

"टाकीत दोनशेचा दाब आहे," मी म्हणालो. "ही हवा सरळ तोंडात घेतलीस तर काय होईल?"

"गाल फुटतील."

"फुप्फुसं फुटतील. म्हणून टाकीच्या डोक्यावर हा पितळी ठोकळा बसतो. हा पहिला टप्पा. हा दोनशेचं नऊ-दहावर आणतो. तिथून नळी, आणि नळीच्या टोकाला हा दुसरा टप्पा, जो तू दातात धरतोस. ह्याच्या पोटात रबरी पडदा आहे, बघ. तू श्वास ओढलास की पडदा आत येतो. पडदा आत आला की ही चिमुकली दांडी दबते, दांडी झडप उघडते, हवा आली. ओढायचं थांबलास की बंद. मागितल्याशिवाय देत नाही आणि मागितल्यावर नाही म्हणत नाही."

"म्हणजे बाईंच्या अगदी उलट," तो म्हणाला.

मला हसू आलं. तेव्हा येत असे. मग त्याने विचारलं, खोल गेल्यावर पाणी एवढं दाबत असेल, तर छाती फुगते कशी? चांगला प्रश्न होता. मी त्याला दाखवलं, की पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पाणीच असतं. जेवढं खोल, तेवढं पाणी पडद्याला रेटतं, आणि तेवढ्याच जोराची हवा तो तुला देतो. पाणी बाहेरून छातीवर बसतं, हवा आतून टेकू देते. दहा मीटरवर दुप्पट हवा लागते, वीसवर तिप्पट, म्हणून टाकी खाली भराभर संपते. ज्याचं मन शांत त्याला हवा पुरते. बाकी सगळी यंत्रं सारखीच.

शेवटी झडप. टाकीच्या मानेला एका बाजूला काळी मूठ असते, ती फिरवून हवा सोडायची. "पूर्ण उघडायची," मी म्हणालो, "अगदी शेवटपर्यंत. आणि मग पाव फेरा मागे घ्यायची."

"मागे कशाला?"

"म्हणजे ती उघडलेल्या टोकाला घट्ट रुतून बसत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी असंच शिकवलं, आणि त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनीही."

त्याने मूठ दोनदा उघडली, दोनदा मिटली. "आणि समजा कुणी उलट केलं, भाऊजी? आधी बंद केली आणि पाव फेरा उघडली?"

"तसं करणारा गाढव असेल," मी म्हणालो.

सहा वर्षांत शेंडेफळ फरशी पुसणाऱ्याचा शिकवणारा झाला. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना. माझी विद्या तो रोज पाण्यात घेऊन जायचा आणि संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून उलगडायचा. माझी पंधरा वर्षांची मुलगी हातातला घास तसाच धरून विचारायची, "मामा, आज काय दिसलं?" मग मामा सांगणार. एक म्हातारं कासव कसं त्याच्या बुडबुड्यांमधून मुद्दाम गेलं, पोटाला गुदगुल्या करून घ्यायला. वाळूत नुसते डोळे वर ठेवून बसलेला मासा. बायको हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. लग्नाआधी ती माझं असंच ऐकायची, हे तिला आठवत नसेल, मला आठवतं.

"मी आज सात कड्या बदलल्या," एकदा मी मध्येच म्हणालो.

"कसल्या कड्या?" मुलगी म्हणाली, मामाकडे बघतच.

"टाकी आणि रेग्युलेटरच्या मध्ये रबराची कडी असते. ती चिरली तर तुझ्या मामाची सगळी हवा त्या कासवाच्या पोटाला गुदगुल्या करत निघून जाईल."

"ते खरं आहे हं," शेंडेफळ म्हणाला. "भाऊजी आहेत म्हणून मी आहे."

हे असं. टोचून बोलावं तर गडी त्याचा हार करून माझ्याच गळ्यात घालणार. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, मनाला कारणं मिळतात. ह्याने मला सहा वर्षांत एक कारण दिलं नाही.

मग त्या बुधवारी बाईंनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. केंद्र वाढतंय, म्हणाल्या, आता एक सुरक्षा प्रमुख नेमायचा आहे. सामान कसं जोडायचं, कोणी उतरायचं, कधी परत फिरायचं, ह्यात त्याचा शब्द शेवटचा. आणि तो रोज बोटीवर असेल.

रोज बोटीवर. बाकीचं मला ऐकूच आलं नाही. अकरा वर्षं मी ओल्या टाक्यांवरून समुद्र ओळखत होतो. पाण्यात नाही तर नाही, पण बोटीवर उभं राहायला धड कान कशाला लागतो? हे पद माझंच होतं. दुसरं कोण होतं?

"दोघांचा विचार करतेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शेंडेफळाकडे. "काही बदलावंसं वाटतं का, बोला."

शेंडेफळाने खाकरून घेतलं. "भाऊजींची आधी माफी मागतो. पण तो पाव फेरा बंद करावा असं मला वाटतं. झडप एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. मधलं काही नकोच. कारण पाव फेरा मागे घेतलेली आणि पाव फेराच उघडलेली, हाताला दोन्ही सारख्याच लागतात. दोन्ही थोड्या इकडे फिरतात, तिकडे अडतात. वर बसून श्वास घेतला तर दोन्हीत हवा येते, दाबाचा काटाही दोनशे दाखवतो. फरक कळतो तो खाली, जिथे तिप्पट हवा लागते आणि तेवढी त्या फटीतून येत नाही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. माझ्याच टेबलावर विचारलेला प्रश्न, माझ्याच डोक्यावर आणून आपटला, तोही माफी मागून.

"एकोणीस वर्षं," मी म्हणालो. "एकदाही चूक झालेली नाही माझ्या हातून."

"मला माहितीये, भाऊजी. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये."

"रविवारी दोघं बोटीवर या," बाई म्हणाल्या. "मिस्त्री सामान बघेल, हा खाली माझ्याबरोबर. मग ठरवते." त्या दिवशी दोन शिकाऊ मुलींना सव्वीस मीटरवर न्यायचं होतं.

रविवारी सकाळी मी नवा सदरा घातला. हसू नका. मी मुलींचं सामान तपासलं. जाकिटात हवा भरून बघितली, ते पाण्यात माणसाला तरंगतं ठेवतं. कमरेची वजनं, काटा, तोंडातला टप्पा, आणि पिवळी नळी. ही पिवळी नळी प्रत्येकाकडे जादाची असते, दुसऱ्याची हवा संपली तर त्याला द्यायला. त्यांच्या टाक्या कठड्याला टेकून माझ्यासमोर उभ्या होत्या, अगदी माझ्या खोलीतल्यासारख्या, मूठ माझ्या डाव्या हाताला. पूर्ण उघडली, पाव फेरा मागे. बाईंनी स्वतःचं स्वतः केलं. बाई कुणाला हात लावू देत नाहीत.

शेंडेफळही तयार होऊन बसला होता. टाकी पाठीवर चढवलेली, तोंड समुद्राकडे, पाठ माझ्याकडे. आपलं सगळं त्याने आधीच तपासलं होतं. वाकून पायाच्या पंख्यांचे पट्टे ओढत होता आणि मुलींना काहीतरी विनोद सांगत होता. त्या हसत होत्या. बाईसुद्धा हसल्या. एकोणीस वर्षांत माझ्या विनोदाला बाई हसलेल्या मला आठवत नाहीत.

त्याच्या झडपेला पाव फेरा नसणार, हे मला न बघताच माहीत होतं. मला ते सहन झालं नाही. आज सामान माझ्या ताब्यात आहे ना? मग माझ्या बोटीवर माझी पद्धत. मी मागून हात घातला, मूठ धरली आणि रोजच्या सवयीने, उघडायला म्हणून, लांब रेटली.

ती फिरली. आणि फिरतच राहिली, दोन फेरे, तीन फेरे.

माझ्या मनात काय आलं ते लपवणार नाही. गडी झडप उघडायलाच विसरलाय! बुधवारी आम्हाला अक्कल शिकवली आणि आज स्वतःची झडप बंद ठेवून बसलाय! एवढा आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता. मी मूठ अडेपर्यंत फिरवली, मग अगदी शिस्तीत पाव फेरा मागे घेतला.

"काय झालं, भाऊजी?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. बघत होतो."

"बरं," तो म्हणाला, आणि पाण्यात उतरला.

मी मुद्दामच बोललो नाही. वर आल्यावर सांगायचं होतं, सगळ्यांसमोर, बाईंसमोर. ते खाली असताना मी वाक्य जुळवत बसलो. 'बाई, लहान तोंडी मोठा घास नको, पण आज मी नसतो तर...' असं. नाही, जरा साधं हवं. 'चूक कुणाच्याही हातून होते. म्हणून तर जुनी माणसं लागतात.' हे चांगलं होतं. हे मी दोनदा पुटपुटलो. बोटवाला माझ्याकडे बघायला लागला तेव्हा गप्प झालो.

बुडबुडे चार ठिकाणी येत होते. मी ते मोजत होतो. मग ते तीनच ठिकाणी यायला लागले.

वर आले ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. आधी दोन्ही मुली, डोळे विस्फारलेले. मग बाई आणि शेंडेफळ, एकमेकांना इतके चिकटून की एकच माणूस वाटावा. त्याच्या तोंडात बाईंची पिवळी नळी होती. बोटवाल्याने आणि मी त्याला ओढून वर घेतलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"हवा येईना," तो म्हणाला. "सव्वीसवर गेलो आणि घट्ट झाली. ओढतोय, ओढतोय, काटा प्रत्येक श्वासाला खाली पडतोय, परत वर येतोय. मग ओढलं तरी येईना."

बाईंनी त्याच्या काट्याकडे बघितलं. एकशे सत्तर. पाठीवर जवळजवळ भरलेली टाकी, आणि माणूस गुदमरतोय. बाईंनी झडपेला हात घातला आणि बंद करायच्या बाजूला वळवली. पाव फेऱ्यात ती बंद झाली.

त्यांचा हात कसा फिरला ते मी बघितलं. मागून. स्वतःपासून लांब ढकलून त्यांनी बंद केली.

माझ्या खोलीत टाकी माझ्याकडे तोंड करून उभी असते. तिथे मूठ लांब ढकलली की उघडते. एकोणीस वर्षं मी लांब ढकलून उघडतोय. पण माणसाच्या पाठीमागे उभं राहिलं की सगळं उलटं होतं. तिथे उघडायला मूठ आपल्याकडे ओढावी लागते. ज्या तीन फेऱ्यांचा मला एवढा आनंद झाला, ते मी त्याची पूर्ण उघडलेली झडप बंद करत होतो. आणि पाव फेऱ्याची फट ठेवून त्याला सव्वीस मीटर खाली पाठवला होता.

"उघडली होतीस का नीट?" बाईंनी त्याला विचारलं.

शेंडेफळाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक श्वासभर. "चुकलं असेल माझं," तो म्हणाला.

"चुकलं असेल? बुधवारी एवढं भाषण दिलंस आणि तुझंच चुकलं?"

"हो."

मी तिथेच होतो. दोन हातांवर. मी मूग गिळून बसलो. बोट किनाऱ्याला लागली. उतरताना बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी वर ये, मिस्त्री. पदाचं बोलू." ज्या गोष्टीसाठी मी अकरा वर्षं जळलो, ती ताटात वाढून समोर आली होती.

खोलीत मी त्याची टाकी टेबलाशी उभी केली. दाबमापक लावला, सवयीने. एकशे सत्तर. खडू घेतला, पण हात लिहीना. तेवढ्यात तो आला, ओले सूट खांद्यावर टाकून, आणि रोजच्यासारखा ते धुवायला लागला.

"तू पूर्ण उघडली होतीस," मी म्हणालो.

"हो."

"माझा हात कळला होता तुला."

"कळला होता. पण काय केलंत ते कळलं नव्हतं. खाली गेल्यावर कळलं."

"मग बोलला का नाहीस सगळ्यांसमोर?"

त्याने नळ बंद केला. "भाऊजी, पाण्यात तुम्हाला जाता येत नाही. हे कळल्यावर बाईंनी ही खोलीही काढून घेतली तर तुम्ही कुठे जाणार?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. गचांडी धरली असती तरी चाललं असतं. पण ही दया! माझ्या हातून मरता मरता वाचलेला माणूस माझी काळजी करत माझ्यासमोर सूट धूत होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. हवा त्याची जास्त उरते. घर त्याचं ऐकतं. आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच? ह्यात तरी मी त्याला पुढे जाऊ देणार नव्हतो.

मी जिना चढून गेलो. पश्चात्तापाने गेलो असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, पण पहिल्या पाच पायऱ्या तरी मी हेव्यानेच चढलो. बाकीच्या कशाने ते मला माहीत नाही, पण वर पोचलो तेव्हा रडत होतो.

बाईंनी सगळं ऐकलं. मग मला खाली आणून ती टाकी बोटवाल्याच्या पाठीवर चढवली आणि म्हणाल्या, "दाखव." मी मागे उभा राहिलो. मूठ धरली. आणि सगळं माहीत असूनही हात आधी लांबच ढकलायला गेला.

"मी जवळ होते म्हणून," बाई म्हणाल्या. "चार हात लांब असते तर?" मी मूठ सोडून दिली.

घरी मीच सांगितलं, जेवताना, मुलीसमोर. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते एवढंच, "तो माझा एकुलता भाऊ आहे, हे तुम्हाला माहीत होतं ना?" मुलगी आता टाकीची मूठ कशी फिरते ते बघायला शाळेतून सरळ माझ्या खोलीत येऊन बसते, आणि मी दाखवतो, पुढून आणि मागून.

पद शेंडेफळाला मिळालं. पाव फेरा पहिल्याच दिवशी बंद झाला. खोली बाईंनी काढून घेतली नाही, पण प्रत्येक नव्या तुकडीला ती चूक मी स्वतः सांगायची असं ठरवलं. मी सांगतो. 'ह्या हाताने,' म्हणतो, आणि हात वर करतो. मुलं आधी हसतात, मग हसत नाहीत. टाक्यांवर मी आता खरे आकडे लिहितो. मागच्या आठवड्यात त्याची एकशे पंधरा आली. लिहिली. बरगडीखाली दुखलं, पण लिहिली.

काल बोटवाला आजारी होता, आणि सामान चढवायला कुणी नव्हतं म्हणून बाईंनी मला बोटीवर घेतलं. चार महिन्यांनी. मी कुणाच्या टाकीजवळ गेलो नाही. मुकाट्याने दोऱ्या गुंडाळत बसलो. शेंडेफळ तयार झाला, कठड्यावर बसला, तोंड समुद्राकडे केलं. आणि मान न वळवता म्हणाला, "भाऊजी, जरा झडप बघता?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. मी उठलो. त्याच्या पाठीमागे उभा राहिलो. मूठ धरली आणि डोळे मिटून आपल्याकडे ओढली. ती हललीसुद्धा नाही. शेवटपर्यंत उघडी होती.

"पूर्ण उघडी आहे," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि पाण्यात उतरला.

बुडबुडे वर येईपर्यंत मी तिथेच उभा होतो, हात तसाच धरून. मी त्याच्या जागी असतो, तर माझ्यासारख्याकडे पाठ करून बसलो नसतो.